सहलेखनातून शिक्षण : वर्गातील ‘विकी’

प्रकल्प-वह्यांची एक जुनी अडचण शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे. पाच विद्यार्थ्यांच्या गटात एकजण लिहितो, दोघे चित्रे चिकटवितात आणि उरलेल्या दोघांची केवळ नावे मुखपृष्ठावर झळकतात. कोणी किती श्रम केले, हे वही सांगत नाही. ‘विकी’ या साधनाचे शैक्षणिक महत्त्व नेमके येथेच आहे.

विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहावयाची व सुधारावयाची संगणकावरील पाने. अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये अशी पहिली व्यवस्था सुरू केली. हा शब्द हवाई बेटांच्या भाषेतील असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा आहे. याच पद्धतीवर २००१ मध्ये विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश उभा राहिला. २००३ मध्ये त्याची मराठी आवृत्ती सुरू झाली.

इतिहास आणि चर्चा

विकीच्या प्रत्येक पानास ‘इतिहास’ असतो. कोणत्या सदस्याने, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद त्यात राहते आणि चुकीचा बदल झाल्यास पूर्वीचा मजकूर परत आणता येतो. पानासोबत चर्चेसाठीही स्वतंत्र जागा असते.

समजा, आठवीच्या वर्गाने ‘आपल्या गावातील पाणी’ हा विषय घेतला. गावतळे १९७२ च्या दुष्काळात खोदले गेले असे एका विद्यार्थिनीने लिहिले. दुसऱ्याच्या मते ते त्याहून जुने आहे. अशा वेळी शिक्षकांनी निकाल देऊ नये, पुरावा मागावा. मग मुले जिल्हा गॅझेटियर, जनगणना पुस्तिका आणि ग्रामपंचायतीचे दप्तर पाहू लागतात. ऐकीव गोष्ट आणि सिद्ध गोष्ट यांतील अंतर त्यांना येथे कळते.

घ्यावयाची दक्षता

विकिपीडियावर प्रकाशित व विश्वसनीय संदर्भ आवश्यक असतो. गावातील वृद्धांची आठवण तेथे आधार म्हणून चालत नाही. मात्र शाळेच्या स्वतःच्या विकीवर ती सांगणाऱ्याच्या संमतीने व तारखेसह अवश्य नोंदवावी. पुस्तकातील उतारे जसेच्या तसे उतरवू नयेत. मुलांची पूर्ण नावे, छायाचित्रे व दूरध्वनी क्रमांक सार्वजनिक पानांवर देऊ नयेत. गुण देताना बदलांची संख्या मोजणे योग्य नव्हे. शुद्धलेखनाच्या चाळीस दुरुस्त्यांपेक्षा एक अचूक संदर्भ अधिक मोलाचा ठरू शकतो.

साधनांचा प्रश्न

मीडियाविकी ही विनामूल्य संगणकप्रणाली शाळेतील एका संगणकावर बसवून इंटरनेटविनाही वापरता येते. तेही शक्य नसल्यास जाड नोंदवही ठेवावी. प्रत्येक दुरुस्तीपुढे नाव, दिनांक आणि कारण लिहावे. साधन साधे असले तरी शिस्त तीच राहते.

या कामी पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे आहे. जुनी इतिवृत्ते आणि पाणीपुरवठ्याच्या नोंदी मुलांना पाहावयास मिळाल्या, तर गावाची माहिती गावातच, मराठीत आणि पुराव्यानिशी तयार होईल. आपल्या लेखनाची जबाबदारी स्वीकारणे आणि दुसऱ्याची दुरुस्ती मान्य करणे हे या मुलांना शाळेतच अंगवळणी पडले, तर उद्याच्या ग्रामसभेत त्याचा उपयोग झाल्यावाचून राहणार नाही.