शालेय परिसरकार्यासाठी अनुदानाचा अर्ज

शाळेच्या पत्र्यावर पाऊस पडतो, पागोळ्यांनी अंगणात येतो आणि फाटकाबाहेरच्या ओढ्याला जाऊन मिळतो. आणि त्याच शाळेतील मुले भर पावसाळ्यात पिण्याचे पाणी बाटल्यांतून घरून आणतात. अवर्षणप्रवण तालुक्यांतील अनेक प्राथमिक शाळांत हे दृश्य नेहमीचे आहे. ते बदलण्यास लागणारी रक्कम फार मोठी नसते, आणि ती मिळविण्याचे मार्गही पूर्वीपेक्षा आज अधिक आहेत. तरीही पुष्कळ शाळांचे अर्ज त्रुटी दाखवून परत येतात, अथवा कार्यालयात नुसतेच पडून राहतात. अशा अर्जांत एक उणीव बहुधा समान असते. त्यांत शाळा दिसत नाही. पर्यावरणाचे महत्त्व, वृक्षांचे उपकार, पाण्याचे मोल यांवर दीड पान खर्ची पडलेले असते, शेवटी एक रक्कम असते आणि खाली सही व शिक्का. शाळेचे नाव बदलले तर तोच अर्ज शेजारच्या गावाचाही होऊ शकेल. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वृक्षांचे उपकार ठाऊक असतात. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की या शाळेला नेमके काय हवे आहे आणि पैसे खर्च झाल्यावर त्या वस्तूची काळजी कोण घेणार आहे.

म्हणून अर्जाचा आरंभ लेखणीने न करता मोजपट्टीने करावा. हे काम एकट्या शिक्षकाने करण्याचे कारण नाही. चौथी-पाचवीच्या मुलांना परिसर अभ्यास आणि गणित हे दोन्ही विषय येथे एकत्र भेटतात. एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडले, हे एकदा मुलांच्या ध्यानात आले की पुढचा हिशेब ती आपण होऊन करू लागतात. दोन खोल्या व ओसरी असलेल्या एखाद्या शाळेचे छप्पर १४ मीटर लांब व ८ मीटर रुंद आहे असे धरावे. क्षेत्रफळ झाले ११२ चौरस मीटर. उतरत्या छपराचे मोजमाप करताना पत्र्यावर चढावयाचे नसते. छपराखाली येणारी जमीन मोजली की पुरते. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असेल तर त्या छपरावर ५६,००० लिटर पाणी पडते. काही उडून जाते, काही सांडते, पहिल्या सरीचे सोडून द्यावे लागते; म्हणून शंभरातील ऐंशी भागच हाती येतील असे मानले, तरी ४४,८०० लिटर उरतात. पन्हळ छपराच्या एकाच उताराला लावावयाची असेल तर हा आकडा निम्मा होईल, ही गोष्ट विसरली जाते.

आता दुसरी बाजू. शाळेत ५२ मुले आहेत. पिणे, हात धुणे, पोषण आहाराचा स्वयंपाक आणि भांडी मिळून दररोज सुमारे ३०० लिटर पाणी लागते, असे मुलांनी आठवडाभर हंडे व बादल्या मोजून ठरविले. टाकी केवढी मागावी, याचे उत्तर या दोन आकड्यांत दडलेले आहे. पुष्कळ अर्जांत १,००० लिटरची टाकी मागितलेली आढळते, कारण तालुक्याच्या दुकानात ती समोर मांडलेली असते. अशा टाकीतील पाणी या शाळेला तीन दिवसांहून थोडेच अधिक पुरेल. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस तीन आठवडे ओढ देतो असा त्या भागाचा अनुभव असेल, तर ६,३०० लिटरांची साठवण हवी, आणि ती भरण्यास सुमारे ७० मिलिमीटर पाऊस पुरे होतो. एवढे लिहिलेला अर्ज वाचणाऱ्यास आकडा कोठून आला हे विचारावे लागत नाही. या टाकीने उन्हाळ्याचा प्रश्न सुटणार नाही, हेही तेथेच स्पष्ट लिहावे. त्याने अर्जाचे वजन कमी होत नाही. उलट शिक्षकाने विचार केला आहे हे त्यावरून कळते. छपराचे पत्रे जुने सिमेंटचे असतील तर ते पाणी पिण्यासाठी मागू नये, झाडांसाठी व स्वच्छतेसाठी मागावे. पिण्यासाठी वापरावयाचे असल्यास जाळी, गाळणी आणि निर्जंतुकीकरण यांची तरतूद अंदाजपत्रकात हवीच.

पावसाचा आकडा तालुक्याच्या नोंदीतून मिळतो. पण शाळेचा स्वतःचा आकडा असल्यास उत्तम. सपाट तळाचे व सरळ उभ्या बाजूंचे कोणतेही भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी आतील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली, की पर्जन्यमापकाचे काम भागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पडलेला पाऊस मोजून त्यावरून वर्षाची पिके ठरविण्याचा प्रघात पाडला, तो सर्वांना ठाऊक आहे. एका पावसाळ्याची अशी वही अर्जास जोडली तर तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही, आणि तिला खर्चही नाही.

गरज मोजून झाल्यावर ती मागावयाची कोठे, हा प्रश्न येतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कलम २२ अन्वये या समितीने शाळा विकास आराखडा करावयाचा असतो, आणि शासनाने अथवा स्थानिक प्राधिकरणाने द्यावयाच्या अनुदानांना हाच आराखडा आधारभूत राहील, असे ते कलम सांगते. या तरतुदीकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. जी गोष्ट आराखड्यात नाही ती ऐनवेळी अर्जातून मागणे म्हणजे पाया सोडून भिंत बांधणे होय. म्हणून टाकी असो, परसबाग असो वा कचऱ्याचा खड्डा असो, तिची नोंद प्रथम आराखड्यात व समितीच्या इतिवृत्तात व्हावी.

आपल्याच हाती काय आहे, हे त्यानंतर पाहावे. समग्र शिक्षा योजनेच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यात ३० पर्यंत पटाच्या शाळेस वार्षिक १०,०००, ३१ ते १०० पटास २५,००० आणि १०१ ते २५० पटास ५०,००० रुपये असे संयुक्त शाळा अनुदानाचे प्रमाण होते, व त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेच्या कामांसाठी होती. त्याच योजनेत युवा व पर्यावरण मंडळासाठी वेगळी तरतूद होती. २००१-०२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सुरू केलेल्या राष्ट्रीय हरित सेनेमुळे शाळांतील अशा मंडळांना पहिल्याने चालना मिळाली. चालू वर्षाचे प्रमाण गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून विचारून घेऊनच अर्जात लिहावे; मागील वर्षाच्या परिपत्रकावरून आकडा उतरविल्याने अर्ज परत आल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

ग्रामपंचायतीचे दार त्याहून जवळचे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानातील साठ टक्के भाग बंधित ठेवला होता. त्याचा निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजलसंधारण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी होता. शाळेच्या छपरावरील पाणी साठविणे हे काम या शीर्षात सरळ बसते. परंतु ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ग्रामसभेत ठरतो. ज्या दिवशी तो वाचला जातो त्या दिवशी शाळेच्या वतीने कोणी उभे राहिले नाही, तर पुढे वर्षभर सरपंचांना भेटूनही उपयोग होत नाही. मुख्याध्यापकापेक्षा समितीतील एखाद्या मातेने हा विषय मांडल्यास तो अधिक मनावर घेतला जातो. रोपांसाठी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेकडे पावसाळ्यापूर्वीच मागणी नोंदवावी.

कारखान्यांकडूनही साहाय्य मिळू शकते. कंपनी अधिनियम, २०१३ याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावयाचे असतात, आणि शिक्षण व पर्यावरण हे दोन्ही विषय त्या यादीत आहेत. मात्र अशी देणगी स्वीकारण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी संमती घ्यावी, आणि देणगीदाराच्या फलकाची लांबी-रुंदी टाकीपेक्षा मोठी होणार नाही एवढे पाहावे.

अर्जाचा मसुदा एका पानात बसावा. त्याचा गाभा पुढीलप्रमाणे असू शकेल: “सदर शाळेत ५२ विद्यार्थी असून पिण्याचे पाणी सुमारे ४०० मीटर अंतरावरील हातपंपावरून आणावे लागते. पाण्याची दैनंदिन गरज ३०० लिटर आहे. छपराचे क्षेत्रफळ ११२ चौरस मीटर असून गतवर्षी शाळेच्या नोंदीनुसार ४७५ मिलिमीटर पाऊस झाला. ६,५०० लिटरची टाकी, पन्हळ व गाळणी यांचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. खोदाई व चौथऱ्याचे काम पालकांनी श्रमदानाने करण्याचे समितीच्या ठरावाने मान्य केले आहे. वर्षातून दोनदा टाकी धुण्याची व जाळी बदलण्याची जबाबदारी समितीने घेतली असून तिचा खर्च लोकवर्गणीतून होईल.” या मसुद्यात विशेषण एकही नाही. सोबत ठरावाची नक्कल, शाखा अभियंत्याने पाहिलेले अंदाजपत्रक, दरपत्रके, जागेचा सातबारा अथवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि एक छायाचित्र असावे. जागेच्या कागदाकडे विशेष लक्ष द्यावे. शाळेचे आवार गावठाणात आहे की गायरानात, याचा निर्णय टाकी बसल्यानंतर होऊ लागला तर सारेच अडते. अर्ज देताना आवक क्रमांकासह पोच घ्यावी.

वृक्षलागवडीचे अर्ज सर्वांत अधिक येतात आणि सर्वांत अधिक फसतात. जूनमध्ये शंभर रोपे लागतात. पुढील जूनमध्ये त्याच खड्ड्यांत पुन्हा शंभर. ही रोपे मरतात ती बहुतेक मे महिन्यात. शाळा चालू असते तेव्हा हात धुण्याचे व ताटे विसळण्याचे पाणी चर काढून झाडांकडे नेता येते. सुट्टी लागली की ते पाणीही थांबते आणि मुलेही पांगतात. एका रोपास आठवड्यातून दोनदा दहा लिटर पाणी धरले तर शंभर रोपांना आठवड्याला २,००० लिटर लागतील. पंधरा लिटरच्या सुमारे १३३ बादल्या सुट्टीत कोण वाहणार? बारा रोपे असतील तर २४० लिटर, म्हणजे सोळा बादल्या; आणि सोळा बादल्या ही चार घरांनी वाटून घेण्याजोगी गोष्ट आहे. म्हणून शंभर रोपांऐवजी बारा रोपे मागावीत, परंतु त्या बारांसोबत कुंपणाचा खर्च आणि मे महिन्यातील पाण्याची व्यवस्था लिहावी. कोणत्या घराकडे कोणते झाड, हे ठरावातच नोंदवावे. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ ही झाडे आपल्याकडील उन्हास सरावलेली आहेत. शोभेच्या परदेशी रोपांचा मोह टाळावा. संख्या कमी म्हणून अर्ज मागे पडेल अशी भीती शिक्षकांस वाटते, आणि उद्दिष्टाच्या तक्त्यांनी ती वाढविली आहे हेही खरे. परंतु तीन वर्षे जगलेली बारा झाडे दाखविणाऱ्या शाळेचा पुढचा अर्ज सहसा नाकारला जात नाही.

रक्कम जमा झाल्यावर तिची नोंद त्याच दिवशी रोकडवहीत व्हावी. प्रत्येक खर्चाचे प्रमाणक क्रमांक घालून ठेवावे. टाकी जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवावी. ज्या शीर्षाखाली पैसे आले त्याखेरीज अन्यत्र ते वापरू नयेत, मग ते दुसरे काम कितीही निकडीचे असो. शिल्लक राहिल्यास ती दडवू नये. उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत न गेल्याने पुढील अनुदान थांबते, आणि त्याचा फटका ज्यांचा काही दोष नाही अशा पुढच्या वर्षीच्या मुलांना बसतो. बारांपैकी तीन रोपे वाळली असतील तर अहवालात नऊच लिहावीत, आणि ती का वाळली हेही लिहावे: शेळ्यांनी खाल्ली, मुरूम लागला, पाणी चुकले. हे कारण पुढच्या अर्जास उपयोगी पडते.

राहता राहिली बदलीची गोष्ट. परिसरकार्य बहुधा एका शिक्षकाच्या उत्साहावर उभे असते आणि बदल्याही बहुधा उन्हाळ्यातच होतात, म्हणजे झाडांना पाणी हवे असते नेमक्या त्या दिवसांत. कार्यभार देताना बाके, कपाटे व नकाशे यांच्या यादीत पावसाची वही, टाकी धुतल्याच्या तारखा आणि झाडे सांभाळणाऱ्या घरांची यादी या तीन गोष्टी अनुक्रमांक घालून समाविष्ट कराव्यात. नव्याने येणाऱ्या शिक्षकाने त्यांवर सही करून त्या ताब्यात घ्याव्यात आणि रुजू झाल्याच्या आठवड्यातच समितीच्या सदस्यांसह त्या चार घरी जाऊन यावे.