विषाद आणि अनुताप

दोष घडला की मनाला टोचणी लागते. ही टोचणी म्हणजेच सदसद्विवेक, असे सामान्यतः समजले जाते. परंतु टोचणी तीव्र असली म्हणजे तिचा निर्णय यथार्थ असतोच, असे नाही. श्रीमद्भगवद्गीतेत अर्जुनास दोन वेळा अपराधाची जाणीव होते. त्या दोन प्रसंगांची तुलना साधकाने अवश्य करावी.

पहिल्या अध्यायात स्वजनवधाच्या विचाराने अर्जुनाचे शरीर कापते (१.२९). विश्वरूपदर्शनानंतरही तो कापतच हात जोडतो (११.३५). कंप दोन्हीकडे सारखाच. मग विवेक कोणता आणि मोह कोणता, हे कशावरून ओळखावे?

पहिल्या प्रसंगी अर्जुन पाप मोजतो ते आप्तस्वकीयांच्या ममतेने. निर्णयही तो स्वतःच देतो आणि धनुष्य टाकून रथात बसतो (१.४७). श्रीकृष्णचक्रवर्ती हा शोक अस्थानी ठरवितात (२.११). दुसऱ्या प्रसंगी तो घडलेला दोष नेमका सांगतो : महिमा न जाणता, थट्टेत, खेळताना, भोजनसमयी अनादर झाला (११.४१-४२). अज्ञान आणि प्रमाद ही कारणे तो सांगतो. त्यांच्या आड लपत मात्र नाही. तो दंडवत घालून क्षमा मागतो. भगवंत त्याला धीर देतात (११.५०), आणि बाराव्या अध्यायाच्या आरंभी तोच अर्जुन निःसंकोच पुढचा प्रश्न विचारतो.

तात्पर्य, विषाद कर्तव्यापासून दूर नेतो. अनुताप श्रीचरणांजवळ आणतो. विधी चुकला म्हणून लाजेने आचार्यांचे दर्शन टाळणारा भिक्षुक, किंवा ‘मी पतित, मला नामस्मरणाचा अधिकार कसला?’ असे म्हणून स्मरण सोडणारा वासनिक नम्र भासतो. वस्तुतः तो आपला दोष ईश्वरकृपेहून मोठा मानतो. हाही अहंकारच होय.

याउलट क्षमेच्या भरवशावर दोष करीत राहणे हाही अनुताप नव्हे. दुराचाऱ्यालाही साधू मानावे असे जेथे सांगितले आहे, तेथेच त्याचा निश्चय शुद्ध झाल्याची अट आहे (९.३०). म्हणून दोष घडताच तो झाकू नये. आचार्यांपुढे जसा घडला तसा सांगावा, प्रायश्चित्त घ्यावे, ज्याचे मन दुखविले त्याची क्षमा मागावी आणि पुन्हा आचाराला लागावे. टोचणीचे कार्य तेथे पूर्ण होते. त्यानंतर ती कुरवाळीत बसणे हा विवेक नव्हे.