फळीवरील जलक्रीडा : वरच्या इयत्तांसाठी एक वस्तुपाठ

मुळशी तालुक्यातील जांबे हे गाव समुद्रापासून दूर आहे. तेथील मुलांनी भरतीची लाट क्वचितच पाहिली असेल. परंतु पाणी मात्र त्यांच्या नित्य परिचयाचे आहे. उत्तरेच्या बाजूस पवनेचे पात्र, जवळच कासारसाईचे धरण, आणि शिवारात विहिरी, शेततळी व पावसाने भरलेल्या दगडखाणी. लाटांवर फळीने स्वार होणाऱ्या खेळाडूंची चित्रे मुले आज पाहतात, आणि तसे करून पाहण्याचा मोह त्यांना होतो. हा मोह दडपून टाकण्यापेक्षा त्याला ज्ञानाची व शिस्तीची जोड देणे हे शिक्षकाचे काम होय. त्या दृष्टीने पुढील पाठाची आखणी केली आहे.

पाठाचा हेतू

फळीवरील जलक्रीडांचा परिचय करून देणे. तरंगणे, तोल व लाट यांमागील शास्त्र प्रयोगाने समजावणे. आणि पाण्यासंबंधी सावधगिरीची सवय लावणे. यांपैकी तिसरा हेतू सर्वांत महत्त्वाचा समजावा.

पूर्वज्ञान व विषयप्रवेश

प्रथम मुलांना विचारावे, “पोहावयास शिकताना पाठीला काय बांधतात?” वाळका भोपळा, रिकामा डबा, पांगाऱ्याचा ओंडका अशी उत्तरे येतील. भोपळ्यांची सांगड करून पूर्वी लोक नदी उतरत, हेही सांगावे. मग पांगाऱ्याच्या लाकडाचा तुकडा हाती द्यावा. फाल्गुनाच्या सुमारास तांबड्या फुलांनी पेटलेले हे झाड मुलांच्या ओळखीचे असते.

येथे एक मनोरंजक गोष्ट सांगता येईल. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर लाटेवर उभे राहण्याचा खेळ फार प्राचीन काळापासून चालत आला आहे. कॅप्टन कुक याच्या सफरीतील लेफ्टनंट जेम्स किंग याने त्याचे वर्णन १७७९ मध्ये लिहून ठेवले. तेथील सरदार ज्या लांबलचक फळ्या वापरीत, त्या विलिविली नावाच्या झाडाच्या लाकडाच्या असत. हे विलिविली आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातील, एकाच प्रजातीतले झाड होय. हजारो कोस अंतरावरील दोन समाजांनी एकाच गुणाचे लाकूड पाण्यासाठी निवडावे, यावरून निरीक्षण हेच शास्त्राचे मूळ असल्याचे मुलांच्या मनावर ठसेल.

खेळांचे प्रकार

लाटेवर फळीने घसरत येणे म्हणजे सर्फिंग. फळीवर पोटावर झोपूनही लाट घेता येते. फळीला शीड लावले म्हणजे विंडसर्फिंग होते, आणि मोठ्या पतंगाने फळी ओढविली म्हणजे काइटसर्फिंग. उभे राहून लांब वल्ह्याने फळी हाकणे हा आणखी एक प्रकार आहे. ऑलिंपिक सामन्यांत विंडसर्फिंगचा समावेश १९८४ मध्ये, सर्फिंगचा २०२१ मध्ये झालेल्या टोकियो सामन्यांत, आणि काइटसर्फिंगचा २०२४ मध्ये पॅरिस येथे झाला.

सर्फिंगला फुटणारी लाट लागते. समुद्रावरील वाऱ्याने उत्पन्न झालेली लाट उथळ पाण्यात आली की तळाशी तिची गती मंदावते, माथा पुढे झुकतो व लाट फुटते. धरणाच्या पाण्यात अशी लाट सहसा मिळत नाही. शिडाच्या फळीला मात्र वारा व मोकळे पाणी पुरेसे असते. भोपाळच्या नौकानयन प्रशिक्षणातून पुढे आलेल्या इबाद अली या खेळाडूने हांगझाऊ येथील आशियाई सामन्यांत २०२३ मध्ये विंडसर्फिंगचे कांस्यपदक मिळविले. समुद्र नसलेल्या प्रांतातील मुलालाही हे साधते, हे त्यावरून दिसते.

प्रयोग

१. घंगाळात पाणी घेऊन पांगारा, बाभूळ व लोखंडी खिळा टाकावा. कोण किती बुडते ते मुलांनी वहीत नोंदवावे.

२. दोरीचे एक टोक खिडकीला बांधून दुसरे हलवावे. लाट पुढे जाते, पण दोरीला बांधलेली चिंधी जागच्या जागी वरखाली होते. खोल पाण्यातील लाटही पाण्याला फारसे पुढे नेत नाही, हे यावरून समजावावे.

३. जमिनीवर गोल ओंडका ठेवून त्यावर आडवी फळी टाकावी. गुडघे ताठ ठेवून व नंतर वाकवून एकेका मुलास तिच्यावर उभे करावे, आणि दोन्ही बाजूंस दोन मुलांनी आधार द्यावा. अंग खाली झुकले म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो व तोल सावरतो. हा सराव कोरड्या जागीच व्हावा.

४. फळ्यावर पुढील हिशेब घालावा. २०० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर जाड फळीचे आकारमान ६० लिटर होते. ती पूर्ण बुडाली तर ६० किलोग्रॅम पाणी सारील. लाकडाची घनता ०.३ धरल्यास फळीचे वजन १८ किलोग्रॅम. म्हणजे उरलेला आधार ४२ किलोग्रॅमचा. तीस किलोग्रॅम वजनाचा मुलगा तिच्यावर उभा राहील. पन्नास किलोग्रॅम वजनाचा गृहस्थ उभा राहिल्यास फळी बुडेल. तोच गृहस्थ पाण्यात राहून फळीला नुसता धरून राहिला तर मात्र तरेल, कारण त्याच्या शरीराचा बराच भार पाणीच पेलते. हे शेवटचे वाक्य मुलांकडून पुन्हा वदवून घ्यावे. प्रसंगी त्यावर प्राण अवलंबून असतो.

कथन

हवाई बेटांवरील ड्यूक कहानामोकू याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळविले आणि पुढे सर्फिंगचा प्रसार जगभर केला. १९२५ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘थेल्मा’ नावाची नौका खवळलेल्या समुद्रात उलटली. सतरा माणसे बुडाली. ड्यूकने आपली फळी घेऊन पुन्हा पुन्हा लाटांत जाऊन आठजणांना वाचविले. तो निष्णात पोहणारा होता, तरीही तो केवळ बाहुबळावर विसंबला नाही; बुडत्याच्या हाती देण्यास त्याने तरंगणारी वस्तू बरोबर नेली. गोष्ट संपल्यावर “त्याच्याजवळ फळी नसती तर?” हा प्रश्न विचारून वर्ग क्षणभर शांत राहू द्यावा.

सावधगिरीचा पाठ

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लक्ष माणसे बुडून मेली. त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा आहे. २५ जुलै हा दिवस जगभर बुडण्याच्या प्रतिबंधाचा दिन म्हणून पाळला जातो. पावसाळ्यातील तो दिवस या पाठास योग्य होय. पुढील नियम मुलांकडून पाठ करवून घ्यावेत.

एकट्याने पाण्यात उतरू नये. खाणीच्या व धरणाच्या पाण्याची खोली वरून कळत नाही. शेततळ्याचे प्लॅस्टिक निसरडे असते. पडलेल्यास वर चढता येत नाही. म्हणून काठाला गाठी मारलेला दोर बांधून ठेवण्यास शेतकऱ्यांस सांगावे. कोणी बुडत असल्यास मुलांनी उडी न टाकता प्रथम ओरडून मोठ्यांस बोलवावे, आणि काठावरूनच काठी, दोर, लुगडे किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेकावा. बाहेर काढलेल्या मनुष्यास उलटा टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये; १०८ क्रमांकावर त्वरित कळवावे. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे व छातीवर दाब देण्याचे प्रात्यक्षिक शिक्षकांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने शिकून घ्यावे.

उपसंहार व स्वाध्याय

मुलांनी आपल्या गावातील पाण्याच्या जागांचा नकाशा काढावा व धोक्याच्या जागी तांबडी खूण करावी. प्रत्येक खुणेजवळ फेकण्याजोगी कोणती वस्तू सापडेल, हे घरच्या मोठ्यांस विचारून लिहावे. जेथे काहीच सापडणार नाही, तेथे दोर व डबा ठेवण्याची विनंती शाळेने ग्रामपंचायतीस करावी. तो दोर व तो डबा खरोखर त्या जागी जाऊन पोहोचले म्हणजे पाठ पुरा झाला असे समजावे.