संग्रहातील दस्तऐवज आणि विषाणूचा इशारा : परीक्षण व उपाययोजना

अनेक वैद्यबंधू-भगिनींच्या संग्रही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील रुग्णपत्रके, व्याख्यानांची टिपणे व लेखांचे खर्डे वर्डच्या '.डॉक' फाईलींच्या रूपाने साठलेले आहेत. जुनी सीडी वा पेनड्राइव्ह नव्या संगणकास जोडताच विषाणूरोधक प्रणाली इशारा देते आणि फाईल काढून टाकण्याचा पर्याय पुढे करते. अशा वेळी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

हेतू : वर्डच्या जुन्या फाईलीत मजकुरासोबत 'मॅक्रो' नामक आज्ञावली राहू शकते. याच मार्गाने १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' हा विषाणू पसरला. मार्च १९९९ मधील 'मेलिसा' तर फाईल उघडताच पत्त्यांच्या यादीतील पहिल्या ५० जणांना ईमेलने स्वतःची प्रत पाठवीत असे. त्यामुळे त्या काळातील फाईलीत खरा विषाणू सुप्त असणे शक्य आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप रोखले आहेत. परंतु जुन्या सीडीवरील फाईलींवर तशी उगमाची खूण नसल्याने हे संरक्षण त्यांना मिळत नाही.

लक्षण : इशारा हे लक्षण आहे, व्याधिनिश्चय नव्हे. त्यातील नाव प्रथम लिहून घ्यावे. 'डब्ल्यू९७एम' असा आरंभ असल्यास तो वर्डमधील मॅक्रो-विषाणूचा निर्देश होय. 'हेउर' असा शब्द असल्यास प्रणालीने केवळ साधर्म्यावरून अनुमान केलेले असते. तेथे निर्दोष फाईलही दोषी ठरू शकते.

उपाययोजना :

१. फाईल पुसू नये व उघडूही नये, विलगीकरणात ठेवावी. काही प्रणाली विलगीकरणातील फाईली ठरावीक मुदतीनंतर पुसून टाकतात, यास्तव विलंब करू नये.

२. प्रणाली अद्ययावत करून पुन्हा तपासणी करावी. खोटा इशारा पुष्कळदा येथेच दूर होतो.

३. 'दुरुस्ती'चा पर्याय असल्यास तो निवडावा. त्याने मॅक्रो निघून मजकूर बहुधा शाबूत राहतो.

४. तरीही शंका उरल्यास, इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकावर मॅक्रो पूर्णतः बंद करून फाईल उघडावी आणि '.डॉकएक्स' रूपात साठवावी. या रूपात मॅक्रो राहू शकत नाही. मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये असल्यास तो फॉन्टही जतन करावा; अन्यथा अक्षरे निरर्थक दिसतील.

५. नव्या प्रतीची तपासणी करून ती दोन ठिकाणी ठेवावी. त्यानंतरच मूळ फाईल काढावी.

गोपनीयता : 'व्हायरसटोटल'सारख्या संकेतस्थळावर एकच फाईल अनेक प्रणालींकडून तपासून मिळते. तथापि तेथे दिलेली फाईल सहभागी सुरक्षा-संस्थांना उपलब्ध होते. रुग्णाचे नाव व व्याधिवृत्त असलेली फाईल तेथे कदापि देऊ नये. प्रकाशित लेखाच्या फाईलीस ही अडचण नाही.

रुग्णाचा अनेक वर्षांचा व्याधिवृत्तांत एकदा पुसला गेला, तर तो पुन्हा लिहून काढता येत नाही. दुसरीकडे, इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास संपूर्ण संग्रहच बाधित होऊ शकतो. म्हणून परीक्षणानंतर चिकित्सा, हा आपला नित्याचा क्रम येथेही पाळावा, अशी सर्व वैद्यवर्गास आमची विनंती आहे.