मागावाचून विणलेली उशाची पाटी

विणकाम म्हटले की आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या माणसापुढे दोन वस्त्रे उभी राहतात. एक पैठणची पैठणी आणि दुसरे खुद्द या शहरातले हिमरू. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादेला राजधानी हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या कारागिरांनी हिमरूची कला येथे रुजवली, असे परंपरा सांगते. या दोन्ही वस्त्रांना रेशीम लागते, माग लागतो आणि हात बसायला काही वर्षे जावी लागतात. त्यामुळे ‘विणणे हे विणकराचे काम, आपण फक्त पाहायचे’ अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत पूर्ण खरी नाही, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे. आणि ते उपदेशाने नव्हे, तर एका वस्तूच्या कृतीने. ती वस्तू म्हणजे पलंगाच्या उशाशी भिंतीलगत उभी करायची लोकरीची विणीव पाटी. गेल्या हिवाळ्यात ती मी माझ्या भाड्याच्या खोलीत, मागाशिवाय विणली.

अशी पाटी हवी कशाला, असे कोणी विचारील. भाड्याच्या खोलीत खाट भिंतीला टेकलेली असते. भिंतीचा चुना डोक्याला लागतो, डोक्याचे तेल भिंतीला लागते आणि थंडीत भिंत गार पडते. लाकडी फळीपेक्षा लोकरीची पाटी टेकायला मऊ व उबदार असते, आणि घर बदलताना काखेत मारून नेता येते.

माग काय करतो?

माग हे यंत्र अवघड दिसते. पण त्याची कामे तीनच आहेत. उभे दोरे, म्हणजे ताणा, तो ताणून धरतो. एकाआड एक दोरे वर उचलून आडव्या दोऱ्याला, म्हणजे बाण्याला, वाट करून देतो. आणि घातलेला बाणा फणीने ठोकून घट्ट बसवतो. यांपैकी ताणून धरण्याचे काम लाकडाची चौकट करू शकते. वाट करण्याचे काम बोटे व एक सपाट पट्टी करू शकतात. ठोकण्याचे काम जेवणाचा काटा किंवा जाड दातांची लाकडी फणी करते. मग मागाचा उपयोग तो काय? वेग! ज्याला रोज हातभर कापड विणून पोट भरायचे आहे, त्याला वेगाशिवाय गत्यंतर नाही. ज्याला आयुष्यात एकच पाटी विणायची आहे, त्याचे मागावाचून अडत नाही.

लोकर कोणती घ्यावी?

दुकानात मिळणारी रंगीत ‘लोकर’ बहुधा ॲक्रिलिकची असते. ती मऊ असते. परंतु टेकून टेकून चपटी होते. पाटीला हवी ती भरड, राठ लोकर, आणि ती आपल्या दारात आहे. दख्खनी मेंढीची लोकर काळी-करडी, आखूड व जाड धाग्याची असते. अंगाला ती टोचते. पण घासली गेली तरी लवकर झिजत नाही. आपली घोंगडी हिचीच.

पैठण रस्त्याला बिडकीनच्या अलीकडे एका शेतात मेंढ्या बसल्या होत्या. शेताला खत मिळावे म्हणून शेतकरी त्या बसवून घेतात. मी लोकरीचे विचारले, तेव्हा वाड्यावरचे आजोबा म्हणाले, “लोकर? न्या की पोतंभर. पैसे कशाचे देताय? आम्हीच कातरणाऱ्याला पदरचे पैसे देतो अन् लोकर बांधावर टाकतो.” शेजारी आजी चातीवर सूत काढीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या स्वेटरला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “पोरी, ही अंगाला टोचंल बरं.” पाटी करायची आहे म्हटल्यावर त्यांनी मला हव्या त्या जाडीचे सूत काढून द्यायचे कबूल केले. लोकरीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. कताईचे मात्र मोजून घेतले, आणि ते योग्यच होते.

सूत आणल्यावर ते धुऊन घ्यावे. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात लडी बुडवाव्यात, हलक्या हाताने दाबाव्यात, चोळू नयेत. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घासणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात व सूत आटून त्याचा गठ्ठा होतो. लडी सावलीत पसरून पूर्ण वाळवाव्यात. भिजलेली लोकर सुकायला किती वेळ घेते, हे ‘भिजत घोंगडे’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते.

चौकट आणि ताणा

तीन फुटी खाटेसाठी ९० सेंमी लांब व ५२ सेंमी उंच चौकट पुरते. पट्ट्या ४ सेंमी रुंद आणि किमान ३ सेंमी जाड असाव्यात. भंगारवाल्याकडच्या खोक्यांचे लाकूडही चालते. दोन लांब पट्ट्यांच्या मधोमध, मागच्या बाजूने, एक उभा आधार ठोकावा. एका दोऱ्याचा ताण अर्धा किलो धरला तरी १६० दोऱ्यांचा मिळून तो ८० किलो होतो आणि आधार नसेल तर लांब पट्ट्या आत वाकतात.

वरच्या व खालच्या पट्टीवर एक-एक सेंटिमीटरवर ८० खिळे ठोकावेत. ते एका रेषेत न ठोकता एक वर, एक खाली असे नागमोडी ठोकले म्हणजे लाकूड चिरत नाही. खिळे किंचित बाहेरच्या बाजूला कललेले असावेत.

ताणा लोकरीचा घेऊ नये. लोकर ताणली की लांबते. पीळदार सुती दोरी घ्यावी. हिमरूतही ताणा सुताचा आणि नक्षी रेशमाची असते. भार सुताने वाहायचा, शोभा रेशमाने द्यायची. दोरी खालच्या पहिल्या खिळ्याला बांधून वर न्यावी, वळसा घालून खाली आणावी, असे शेवटपर्यंत करावे. प्रत्येक खिळ्यामागे दोन उभे दोरे येतात, म्हणजे एकूण १६०. वरच्या व खालच्या खिळ्यांतील अंतर ४६ सेंमी असल्याने सुमारे ७४ मीटर दोरी लागते. गाठींसाठी धरून ८० मीटर आणावी. ताण तंबोऱ्याच्या तारेइतका नको. चांगल्या कसलेल्या नवारीच्या खाटेइतका हवा.

प्रत्यक्ष विणणे

प्रथम सुती दोरीच्याच तीन-चार रांगा विणाव्यात. त्यांनी दोऱ्यांतील अंतर सारखे होते आणि पाया बसतो. मग कापडाच्या दुकानात असते तशी मीटरची लाकडी पट्टी एका दोऱ्याखालून, पुढच्यावरून अशी सगळ्या ताण्यातून ओवावी. ती कडेवर उभी केली की वाट उघडते. त्यातून लोकरीची छोटी गुंडी आरपार न्यावी. परतीच्या रांगेला पट्टी आडवी पाडून मागचे दोरे दहा-दहाच्या गटाने बोटांनी पुढे ओढावे लागतात. वेळ जातो तो येथेच.

बाणा सरळ ओढून कधीही बसवू नये. तो कमानीसारखा सैल टाकून मगच काट्याने खाली दाबावा. आडव्या दोऱ्याला ताण्याच्या प्रत्येक दोऱ्याभोवती वर-खाली जायचे असते. तेवढी लांबी त्याला दिली नाही, तर तो दोन्ही कडा आत खेचतो आणि पाटीला कंबर येते. म्हणून दर पाच सेंटिमीटरला रुंदी मोजावी. सूत संपले तर गाठ मारू नये. जुन्या व नव्या सुताची टोके चार बोटे एकावर एक ठेवून विणावीत.

जाड सुताच्या सेंटिमीटरला चार रांगा बसतात, म्हणजे एकूण सुमारे १८४. रांगेला पाच मिनिटे धरली तर पंधरा तासांचे काम झाले. रोज तासभर बसले तर पंधरवड्यात पाटी होते. सूत पाऊण ते एक किलो लागते.

पैठणीकडून घेण्याजोगे

पाटीवर दोन रंग आणायचे असतील तर पैठणीचा पदर नीट पाहावा. तेथे प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जाऊन धागा मागे फिरतो आणि फिरताना शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो. म्हणूनच पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. राठ लोकरीतही हेच करता येते. दोन रंग एकमेकांत न अडकवता मागे फिरवले तर त्यांच्यामध्ये उभी चीर राहते व टेकण्याने ती फाटत जाते. अडकवणे अवघड वाटले तर नक्षी पायऱ्यापायऱ्यांची करावी. प्रत्येक दोन रांगांनंतर रंगाची हद्द एक दोरा सरकली की चीर पडतच नाही. मी काळ्या भुईवर करड्या पायऱ्या घेतल्या. रंगवण्याची गरज पडली नाही. मेंढ्यांच्याच अंगचे रंग पुरले.

वरच्या शेवटच्या दोन बोटांच्या जागेत पट्टी शिरत नाही. तेथे दाभणाने विणावे. पाटी चौकटीवरून काढायची नाही. चौकट हाच तिचा सांगाडा. खिळ्यांवर लाकडाची पातळ पट्टी बसवली की झाले. कसर लागू नये म्हणून पाटी अधूनमधून उन्हात ठेवून झटकावी आणि मागे कडुनिंबाचा वाळला पाला अडकवावा.

लोकरीचा प्रश्न

एका पाटीत अंदाजे चार-पाच मेंढ्यांची एका कातरणीची लोकर जिरते. आपल्या वसतिगृहात शंभर खाटा असतील, तर चार-पाचशे मेंढ्यांची लोकर बांधावर न पडता कामी येईल. हे गणित मी हौसेने मांडले. पण आजींकडे दुसऱ्यांदा सूत आणायला गेले तेव्हा त्याची मर्यादा कळली. पैसे लोकरीला मिळत नाहीत, कताईला मिळतात. आणि त्या वाड्यावर चाती फिरवणाऱ्या आजी एकट्याच होत्या. सुनांना चाती येत नाही. दिवसभर मेंढ्यांमागे चालून, स्वयंपाक करून, रात्री त्यांनी ती का शिकावी, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. “सूत घेणारं कुणी आलं तर शिकतील की,” आजी म्हणाल्या.

मिलची ब्लँकेटे स्वस्त झाली, घोंगडीची मागणी घटली, हे सारे आपण अभ्यासात वाचतो. पडेगावला शासकीय महामंडळाचे शेळी-मेंढी प्रक्षेत्र आहे. त्यावरून प्रकल्प लिहिणारेही आपल्यात आहेत. पण घोंगडी पुन्हा सर्वांनी पांघरावी असे म्हणून ती कोणी पांघरणार नाही. ती टोचते हे खरेच आहे. राठ लोकरीला राठपणाच गुण ठरेल अशी जागा शोधायला हवी. उशाची पाटी, पायपुसणे, बैठक, खुर्चीची पाठ या तशा जागा आहेत आणि यांपैकी एकीलाही माग लागत नाही.

पुढल्या खेपेला आणखी दोन किलो सूत मी सांगून ठेवले आहे. एक चौकट माझ्या मैत्रिणीने ठोकून घेतली आहे, दुसरीला हात हवे आहेत. खिळे ठोकायला एक दुपार लागते. बाकीचे विणता विणता येते.