आजीचे माहेर कोणते?



गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका नव्वदीच्या आजींना देवाज्ञा झाली. मृत्यूच्या वहीत नोंद करताना आम्ही विचारले, "आईंचे माहेरचे नाव काय? त्यांच्या आईचे नाव काय?" तिघेही मुलगे एकमेकांकडे पाहू लागले. सारे गाव त्यांना 'बाय' म्हणे. क्रुसावरही तेवढेच लिहायचे ठरले होते.

मग आम्ही जुन्या वह्या काढल्या. लग्नाच्या वहीत त्यांच्या वडिलांचे नाव आणि माहेरचे चर्च सापडले. तेथील धर्मगुरूंकडे चौकशी केली, तर बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे नाव, धर्ममातेचे नाव, सारे होते; आणि समासात आमच्या चर्चमधील लग्नाची तारीख. ही समासातील टीप पुष्कळांना ठाऊक नसते. १९०७ सालच्या 'ने तेमेरे' या आज्ञापत्राने लग्नाची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढे करण्याचा नियम घातला. त्यामुळे सासरी गेलेली पणजोबांची बहीण कोठे गेली, याचा माग तिच्या माहेरच्या वहीत लागू शकतो. आपण तोंडी वंशावळ सांगतो तेव्हा लेकींची नावे गळतात. वहीत ती असतात.

या वह्या मुळात इतिहासासाठी नव्हत्या. गुपचूप होणाऱ्या लग्नांना आळा बसावा, नातेसंबंध कळावेत, म्हणून ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंना लग्नाची वही ठेवायला सांगितले. मृत्यूची वही १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने आणली. जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्यात असे १९८३ च्या कायदेसंहितेतही (कलम ५३५) सांगितले आहे. वाळवीला मात्र कायदा कळत नाही, हे आम्ही आमच्याच कपाटात पाहिले आहे.

शोधायला याल तर आधी घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसा. मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. फोटोंच्या मागे नावे लिहून घ्या. जुने घर पाडून इमारत उभी राहते, तेव्हा पत्र्याची ट्रंक आधी भंगारात जाते. केवळ आडनावावर विसंबू नका. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अंमल होता. परेरा, लोपीस, डिमेलो ही आडनावे इथे, गोव्यात आणि मंगळुरातही आहेत, म्हणून ते सारे भाऊबंद ठरत नाहीत. नावाचेही तसेच. लॅटिनमधला जोआनेस पोर्तुगीजांचा जुआंव होतो आणि पुढे जॉन. जाकोबुसचा तियागो, मग जेम्स. तीन माणसे समजून शोधत बसाल, आणि असेल एकच! वर्ष, बापाचे नाव आणि पाडा सोबत आणलात तर काम सोपे होते. वह्या कार्यालयातच पाहायच्या. फोटो काढू नयेत, कारण त्यात इतरांचीही घरे आहेत.

काहींना एखादे पान उघडूच नये असे वाटते. बापाच्या नावाची जागा रिकामी, दारूत गेलेली वाडी, भावाभावांतील कोर्टकचेरी. संत मत्तयने प्रभू येशूची वंशावळ लिहिली, तेव्हा तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी या चौघींना वगळले नाही. तामारची गोष्ट उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात वाचून पाहा. ती चारचौघांत सांगण्याजोगी नाही. आमचे मत असे की, लिहावे सारे. ज्याने हयात माणूस दुखावेल ते पान मात्र तूर्त घरातच राहू द्यावे.

त्या आजींच्या क्रुसावर आता पूर्ण नाव आहे, कंसात 'बाय'. नातीने चार पिढ्यांची नावे घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर उतरवली. पणजीच्या आईचे नाव अजून मिळालेले नाही. तिसऱ्या एका चर्चकडे विचारणा केली आहे.

नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्साची पाकिटे येतात. बहुतेकांवर 'सर्व पूर्वज' एवढेच लिहिलेले असते. यंदा नावे लिहा, आजीचे माहेरच्या आडनावासह. जागा पुरली नाही तर वेगळा कागद जोडावा.