मोबिलिटी स्कूटर : घरात कुठे, बाहेर कुठे?

प्रश्न : माझ्या आईचं वय ७२ आहे. गुडघेदुखीमुळे तिला फार चालवत नाही. मोबिलिटी स्कूटर घेतली तर ती घरात आणि बाहेर, दोन्हीकडे चालेल का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : चालेल, पण खरेदीआधी टेप घेऊन घर मोजा. दार ९० सेंमी रुंद असेल तर उत्तम. घरात वळायला जागा कमी असते, म्हणून आखूड तीनचाकी बरी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर लहान असेल, तर तिथे वॉकरच वापरावा. लिफ्टची खोलीही मोजा. पायरीला उतार करताना १:१२ हे प्रमाण पाळा, म्हणजे १५ सेंमी उंचीला १८० सेंमी लांबी.

बाहेर चारचाकी जास्त स्थिर असते. आधी सोसायटीच्या आवारात सराव करू द्या. तुमच्या भागातल्या त्र्यंबक रस्त्यावर आणि एमआयडीसीत अवजड वाहनं असतात, तिकडे आईंना एकट्या पाठवू नका. मॉलमधली सपाट फरशी आणि लिफ्ट सोयीची. पांडवलेणीला मात्र पायऱ्या चढाव्या लागतात, तिथे स्कूटर उपयोगाची नाही. उतारावर सरळ चढा-उतरा, आडवं वळू नका. पावसात आणि साचलेल्या पाण्यात नेऊ नका.

बँकेत किंवा सरकारी कार्यालयात उतार नसेल, तर लेखी मागणी करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम इमारतींची तरतूद आहे. आईंनी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.